विमान कंपनीचं कुलूप आणि तुमच्या दुकानाची किल्ली



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय ग्रुपवर टाकला तेव्हा पहिलाच मेसेज आला, "सर, आम्ही पापड विकतो, विमानं नाही." बरोबर आहे. तरी मी विषय बदलला नाही. व्हिडिओत बारा मिनिटांत जेवढं मावलं तेवढं बोललो, बाकीचं इथे लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पटत नसेल तर वाचता वाचता माझ्याशी भांडता येईल. विमान कंपन्यांवर गेल्या सात-आठ वर्षांत जे मोठे सायबर हल्ले झाले, त्यातले मी खाली सांगणार आहे ते नीट बघा. चोर मुख्य दारातून आलेलाच नाही. तो पुरवठादाराच्या दारातून आला, ठेकेदाराच्या लॉगिनवरून आला, नाहीतर फोनवर गोड बोलून आला. आणि आपल्यासारख्या छोट्या धंद्यात अशी मागची दारं प्रमाणात जास्तच असतात, कारण आपलं बिलिंग दुसऱ्याचं, जीएसटी भरणारा दुसरा, वेबसाइट भाच्याच्या मित्राने केलेली, आणि इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागच्या वर्षी सोडून गेलेल्या मुलीकडे. म्हणून "कुठला अँटीव्हायरस घेऊ?" हा प्रश्न माझ्या मते दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा की आपल्या धंद्याच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत.

सिनेमातला हॅकर आणि खरा हॅकर

विमान आणि हॅकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? अंधाऱ्या खोलीत हुडी घातलेला कुणीतरी, त्याने बटण दाबलं की विमान खाली. असले थंबनेल लावून व्ह्यूज मिळवणारे पुष्कळ आहेत. मला त्यांचा राग येतो, कारण त्यामुळे लोक घाबरतात भलत्याच गोष्टीला आणि खरी भानगड होते ती चेक-इन काउंटरवर.

१९ सप्टेंबर २०२५ ची रात्र घ्या. लंडनचं हीथ्रो, ब्रसेल्स, बर्लिन अशा मोठ्या विमानतळांवर चेक-इनची यंत्रणा बसली. विमानं व्यवस्थित, पायलट हजर, हवामान चांगलं. पण प्रवाशाच्या हातात बोर्डिंग पास द्यायचा कसा, बॅगेला टॅग लावायचा कसा, हेच अडलं. हल्ला विमानतळावर झालेला नव्हता आणि विमान कंपनीवरही नव्हता. कॉलिन्स एअरोस्पेस नावाची अमेरिकन कंपनी आहे, तिचं 'म्यूझ' नावाचं सॉफ्टवेअर आहे. एकच काउंटर सकाळी एका कंपनीने वापरायचं, दुपारी दुसरीने, त्यासाठी ते सॉफ्टवेअर. त्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्याच फायलींना चोराने स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्लीसाठी खंडणी मागायची. युरोपच्या सायबर सुरक्षा संस्थेने नंतर तसं जाहीर केलं. ब्रसेल्स विमानतळाने तर सोमवारी, २२ तारखेला, निघणारी निम्मी उड्डाणं रद्द करा म्हणून कंपन्यांना सांगितलं.

एका पुरवठादाराचं एक सॉफ्टवेअर, आणि तीन देशांत माणसं फरशीवर बसून. आता तुमच्या बाजारपेठेत बघा. एकच बिलिंग सॉफ्टवेअरवाला किती दुकानांना सेवा देतो? आमच्या कराडात माझ्या पॅकिंग मटेरियलच्या दुकानाच्या ओळीतच पाच जण एकाकडून घ्यायचे. काही अडलं की तो घरबसल्या रिमोट ॲपने आमच्या कॉम्प्युटरमध्ये यायचा. सोयीचं होतं. एकदा मी त्याला विचारलं, "हा जो पासवर्ड तू टाकतोस, तो माझ्या दुकानापुरताच ना?" तो सहजपणे म्हणाला, "नाही साहेब, सगळ्यांना हाच आहे. लक्षात ठेवायला सोपा." पाच दुकानं, पाच कुलपं, किल्ली एक. आणि ती त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक नव्या पोराला माहीत. त्याच दिवशी मी कायमचा रिमोट ॲक्सेस बंद करायला लावला. आता तो येणार असेल तर आधी फोन करतो, मी समोर बसून कोड देतो, काम झालं की तो कोड संपतो. तो कुरकुरला, दोन दिवस तोंड वाकडं होतं, पण करतोय.

दूध संघाची टाकी

आपल्याकडची गोष्ट घेऊ. २१ मे २०२१ ला एअर इंडियाने जाहीर केलं की जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती चोरीला गेली आहे. नाव, जन्मतारीख, संपर्क, पासपोर्टचा तपशील, तिकिटाचा तपशील, काहींची क्रेडिट कार्डाची माहितीसुद्धा. कार्डाच्या मागचा तीन आकडी सीव्हीव्ही तेवढा त्या यंत्रणेत नव्हता. ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ एवढ्या काळातली ही माहिती. म्हणजे तुम्ही २०१२ साली एकदा विमानाने गेला असाल, नंतर विसरूनही गेला असाल, तरी तुमचा पासपोर्ट नंबर तिथे पडून होता.

हा दरवाजा फुटला कुठे? सिटा नावाच्या संस्थेकडे. ही संस्था १९४९ मध्ये विमान कंपन्यांनीच मिळून काढली, आपल्या सहकारी संस्थांसारखी. प्रत्येकाने वेगळी यंत्रणा उभी करण्यापेक्षा एकत्र करू, खर्च वाटून घेऊ. विचार चांगलाच आहे, सहकाराच्या महाराष्ट्रात त्याला नावं ठेवणारा मी कोण! पण दूध संघात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. टाकी एक असते. कॅन तपासून घेतले नाहीत तर एकाच्या नासक्या दुधाने सगळ्यांचं जातं.

यातली सिंगापूर एअरलाइन्सची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रवासी सेवेची ही यंत्रणा ते सिटाकडून घेतच नव्हते. तरी त्यांच्या ५ लाख ८० हजार सदस्यांची माहिती गेली. कशी? स्टार अलायन्स नावाचा विमान कंपन्यांचा गट आहे. त्यातल्या एका कंपनीचा प्रवासी दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसला तर त्याला त्याचे पॉइंट, लाउंज वगैरे मिळावं म्हणून सदस्यांची थोडी माहिती एकमेकांना देतात. त्यातली दुसरी एक कंपनी सिटाची गिऱ्हाईक होती. थोडक्यात, तुमच्या मित्राने ज्याच्याशी व्यवहार केला त्याच्याकडून तुमची चोरी झाली. त्यांची फक्त सदस्य क्रमांक, दर्जा आणि काही ठिकाणी नाव एवढंच गेलं, कारण त्यांनी गटाला तेवढंच दिलेलं होतं. पासपोर्ट नाही, कार्ड नाही. दुसऱ्याला माहिती देताना हात आखडता घेण्याचा फायदा असा होतो.

तुम्ही कुरिअरवाल्याला गिऱ्हाइकाचा पत्ता आणि फोन देता, ते ठीक. पण अख्खी एक्सेल फाइल पाठवता, ज्यात त्याने काय घेतलं, कितीला घेतलं, वाढदिवस कधी, हे सगळं असतं. कशाला? "वेगळी फाइल करायला वेळ नाही सर." दहा मिनिटं लागतात. मी स्वतः मोजलीत.

बावीस ओळी

ब्रिटिश एअरवेजचं प्रकरण मी प्रत्येक बॅचला सांगतो, कारण ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने त्याचा सविस्तर निकाल प्रसिद्ध केला आणि त्यात चोर कुठून कुठे गेला ते पायरी पायरीने दिलंय. इंग्रजीत आहे, मोठा आहे, पण जमेल त्याने वाचाच. कुठल्याही पेड कोर्सपेक्षा चांगला आहे. माझ्यासुद्धा.

झालं असं. २०१८ चा जून. मालवाहतूक हाताळणाऱ्या एका पुरवठादार कंपनीच्या कर्मचाऱ्याचा लॉगिन चोरांच्या हाती लागला. हा माणूस ब्रिटिश एअरवेजचा नोकर नव्हे, बाहेरचा. पण कामासाठी त्याला आत यायला लॉगिन दिलेला. त्या लॉगिनला ओटीपीसारखं दुसरं कुलूप नव्हतं, फक्त नाव आणि पासवर्ड. आत आल्यावर त्याला खरं तर ठरावीक खोलीतच फिरता यायला हवं होतं. चोर त्या खोलीतून बाहेर पडला. आणि पुढे त्याला काय सापडलं? एका फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहून ठेवलेला, सगळे अधिकार असलेल्या खात्याचा पासवर्ड. तिजोरीची किल्ली तिजोरीवरच्या खिळ्याला.

मग ऑगस्टच्या शेवटी चोरांनी वेबसाइटच्या पेमेंटच्या पानामागे असलेल्या कोडमध्ये २२ ओळी घुसवल्या. तिकीट नेहमीसारखं निघायचं. पैसे नेहमीसारखे कटायचे. फक्त कार्डाचा नंबर, नाव आणि सीव्हीव्ही यांची एक प्रत चोरांच्या वेबसाइटवर जायची, जिचं नावही कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं ठेवलेलं. दोन आठवडे हे चाललं. कंपनीला स्वतःला पत्ताच नाही. ५ सप्टेंबरला बाहेरच्या कुणीतरी येऊन सांगितलं, तेव्हा कळलं. चार लाखांहून जास्त लोकांची माहिती धोक्यात आली. दंड सुरुवातीला १८ कोटी पौंडांच्या वर सुचवला होता, शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये २ कोटी पौंड झाला. त्या वेळच्या दराने १९० कोटी रुपयांच्या आसपास.

निकालात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. चोरांना आतमध्ये कार्डांची माहिती लिहिलेल्या जुन्या नोंदीही सापडल्या, तीही सरळ वाचता येण्यासारख्या. त्या साठवायची गरजच नव्हती. कधीतरी यंत्रणेची चाचणी घेताना ती सोय चालू केली होती, बंद करायची राहून गेली, आणि वर्षानुवर्षं तशीच चालू राहिली.

इथे थांबा आणि आपल्या दुकानात बघा. सिमकार्ड विकता, लॉजिंग चालवता, मुलांचे क्लास घेता. आधारच्या किती झेरॉक्स तुमच्या ड्रॉवरमध्ये आहेत? किती व्हॉट्सॲपवर आलेले फोटो गॅलरीत तसेच पडलेत? "असू दे, कधी लागलं तर" ही आपली सवय. आईने प्लास्टिकच्या पिशव्या साठवाव्यात तशी आपण लोकांची ओळखपत्रं साठवतो. पिशवी हरवली तर काही होत नाही. माझं मत स्पष्ट आहे: जी माहिती तुमच्याकडे नाहीच, ती तुमच्याकडून कुणी चोरू शकत नाही. काम झालं की पुसा, झेरॉक्स फाडा, आणि कायद्याने ठेवायला लागते तेवढीच कुलपात ठेवा.

"हॅलो, मी ऑफिसमधूनच बोलतोय"

२७ जून २०२५ ला अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला. 'स्कॅटर्ड स्पायडर' नावाची टोळी आता विमान कंपन्यांच्या मागे लागली आहे. त्यांची पद्धत ऐका. कंपनीच्या आयटी मदत केंद्राला फोन करायचा, मी अमुक कर्मचारी बोलतोय म्हणायचं, फोन बदलला, आत जाता येत नाही, जरा नवीन मोबाइल जोडून द्या. पलीकडचा माणूस मदत करायलाच बसलेला असतो, तो मदत करतो. दुसरं कुलूप असूनही उपयोग नाही, कारण कुलूप लावणाऱ्यानेच नवी किल्ली करून दिली.

त्यानंतर तीनच दिवसांनी, ३० जूनला, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीच्या लक्षात आलं की त्यांचं कॉल सेंटर बाहेरची जी यंत्रणा वापरतं, तिथे कुणीतरी शिरलंय. ५७ लाख गिऱ्हाइकांची माहिती गेली. पुढे संचालक मंडळाने काय केलं ते मला आवडलं. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासकट वरच्या साहेबांचा त्या वर्षीचा बोनस कापला. आपल्याकडे अशा वेळी कॉल सेंटरच्या पोराला काढतात आणि प्रकरण मिटलं म्हणतात. पोराला नियम कुणी शिकवायचा होता? तुमच्या काउंटरवरच्या मुलाने फसून दोन हजार घालवले आणि तुम्ही ते त्याच्या पगारातून कापले, तर पुढच्या वेळी तो फसल्यावर तुम्हाला सांगणारच नाही. लपवेल. मग दोन हजारांचे वीस हजार होतील.

आमच्या सांगलीच्या बॅचमध्ये एक ताई होत्या, तिकीट बुकिंगचं काउंटर चालवतात. रेल्वे, बस, विमान सगळं. एका दुपारी त्यांच्या एका प्रवाशाला फोन आला, "तुमची अमुक तारखेची फ्लाइट रद्द झालीय, रिफंडसाठी लिंक पाठवतो." नाव बरोबर, तारीख बरोबर, विमान बरोबर. प्रवासी हुशार, त्याने लिंकवर बोट न लावता ताईंनाच फोन केला. शोधल्यावर कळलं, सगळी तिकिटं ज्या ईमेलवर येतात त्याचा पासवर्ड दुकानातल्या तिघांना माहीत, शिवाय शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही, कारण आपला प्रिंटर बंद पडला की तिथून प्रिंट काढायची. तिथल्या कॉम्प्युटरवर तो ईमेल उघडाच राहायचा. त्या दुकानात दिवसभरात शंभर माणसं येतात.

ताईंनी काय केलं ते पुढे सांगतो, कारण तिथे माझं आणि बऱ्याच व्यापाऱ्यांचं जमत नाही. त्याआधी एक गंमत.

पहिल्यांदा धंद्याच्या कामाला विमानाने गेलात की तुम्ही बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला लावता. आनंद आहे, लावावाच वाटतो. पण त्यावर सहा अक्षरांचा जो बुकिंग कोड असतो, तो आणि तुमचं आडनाव, एवढ्यावर बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर तुमचं बुकिंग उघडतं. म्हणजे तो कोड हाच पासवर्ड, आणि तो आपण कागदावर छापून, बॅगेच्या टॅगवर चिकटवून फिरतो. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी असाच फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. एका हौशी तंत्रज्ञाने तो कोड टाकून बुकिंग उघडलं, पानामागचा कोड बघितला, तर त्यात माजी पंतप्रधानांचा पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर. त्याने प्रामाणिकपणे सरकारला आणि कंपनीला कळवलं म्हणून निभावलं. तुमच्या स्टेटसला ढगांचा फोटो लावा. खिडकीतून चांगला येतो.

सांगायचं की लपवायचं

आता तो मुद्दा. चोरी झाल्यावर गिऱ्हाइकाला सांगायचं का, आणि कधी?

एअर इंडियाच्या निवेदनातच तारखा आहेत. सिटाकडून पहिली सूचना २५ फेब्रुवारी २०२१ ला आली. कुणाकुणाची माहिती गेली ते २५ मार्च आणि ५ एप्रिलला कळलं. प्रवाशांना सगळा तपशील मिळाला मेच्या उत्तरार्धात. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने तर २०१८ च्या मार्चमध्ये संशयास्पद हालचाल बघितली आणि ९४ लाख प्रवाशांची माहिती गेल्याचं सांगितलं ऑक्टोबरमध्ये. याउलट ब्रिटिश एअरवेज, ज्यांच्या ढिसाळपणाबद्दल मी वर एवढं लिहिलं, त्यांनी कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकांना आणि आयुक्तांना सांगितलं. दंड कमी होताना हेही धरलं गेलं.

कंपन्यांची बाजू मला समजते. आधी तपास करू, नक्की काय गेलं ते कळू दे, उगाच घबराट कशाला. पण मधल्या काळात काय होतं? ज्याचा नंबर चोराकडे आहे तो माणूस बेसावध असतो. त्याला फोन आला तर तो खरा समजतो. तुमची अब्रू वाचवायला तुम्ही त्याचा खिसा उघडा ठेवलेला असतो. मला हे पटत नाही, धंद्याच्या हिशेबानेही पटत नाही.

सांगलीच्या ताईंनी त्याच संध्याकाळी पुढच्या दोन महिन्यांत प्रवास असलेल्या प्रत्येकाला फोन केला. मेसेज नाही, फोन. "आमच्याकडून तुमच्या तिकिटाची माहिती बाहेर गेली असावी, रिफंडचा कुठलाही फोन आला तर मला विचारल्याशिवाय काही करू नका." चाळीसएक फोन. दोघं चिडले, त्यांनी पुढची तिकिटं दुसरीकडे काढली. बाकीचे राहिले. त्यांच्यातल्या चार जणांना तसा फोन खरोखर आला आणि चारही जण वाचले. बॅचमध्ये ही गोष्ट झाल्यावर एक व्यापारी उठून म्हणाला, "ताई, तुम्ही गप्प बसला असता तर ते दोघंही गेले नसते." ताई म्हणाल्या, "मग ते चौघं फसले असते ना दादा."

वीज गेली तर गल्ला चालतो का?

१९ जुलै २०२४ आठवतो? त्या दिवशी हल्ला झाला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनेच चुकीचा अपडेट पाठवला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगातले ८५ लाख कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बसले. राखणदारानेच घराला बाहेरून कडी घातली! आपल्या विमानतळांवर इंडिगोने हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. लोकांनी त्याची टिंगल केली, फोटो फिरले. मला मात्र तो कागद बघून बरं वाटलं. कुणीतरी कोरे पास छापून ठेवले होते, कुणालातरी ते भरता येत होते. वर सांगितलेल्या हीथ्रोच्या भानगडीतही ब्रिटिश एअरवेजचं काम पर्यायी यंत्रणेवर चालू राहिलं. ठेच लागलेला शहाणा होतो म्हणतात.

विमानाच्या मार्गाचंही तसंच. जीपीएसचे खोटे सिग्नल पाठवून विमानाला त्याची जागा चुकीची दाखवायची, याला स्पूफिंग म्हणतात. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमेलगत, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला, जीपीएसमध्ये गडबडीच्या ४६५ घटना नोंदल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या विमानतळाजवळही हे घडल्याचं मंत्र्यांनी संसदेत मान्य केलं, मुंबईसकट इतर काही विमानतळांवरूनही तक्रारी आल्यात. तरी विमानं सुखरूप उतरतात, कारण जमिनीवरची जुनी रेडिओ यंत्रणा मोडीत काढलेली नाही. जुनं आहे, महाग पडतं, पण ठेवलंय.

तुमच्याकडे पावती पुस्तक आहे का? धनत्रयोदशीच्या संध्याकाळी बिलिंग बंद पडलं तर कुठल्या मालाचा काय भाव, हे कागदावर कुठे आहे का? उधारीची यादी फक्त मोबाइलमध्ये असेल आणि मोबाइल गेला, तर लोक स्वतःहून येऊन "माझ्याकडे तुमचे साडेतीन हजार आहेत" असं सांगतील का? काही सांगतील. सगळे नाहीत. दर शनिवारी गल्ला मोजून झाला की उधारीची प्रिंट काढा आणि डेटा एका पेनड्राइव्हवर घेऊन तो पेनड्राइव्ह काढून घरी न्या. काढून, हे महत्त्वाचं. लावूनच ठेवलात तर रॅन्समवेअर त्यालाही कुलूप लावेल.

पुरवठादार तुम्हीच असाल तेव्हा

शेवटचा मुद्दा थोडा वेगळा. आतापर्यंत आपण दुसऱ्याच्या चुकीने बुडणाऱ्याच्या बाजूने बघितलं. पण वरच्या गोष्टींत तुमच्या-माझ्यासारखा कोण आहे? तो पुरवठादार. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय. तिथे खाण्याचे पदार्थ, युनिफॉर्म, पॅकिंग, साफसफाई, गाड्या, सगळं कुणीतरी पुरवणार. चाकण, रांजणगावच्या कारखान्यांना आपली किती तरी पोरं माल देतात. या मोठ्या कंपन्या आता फॉर्म पाठवायला लागल्यात: तुमचे कॉम्प्युटर कोण वापरतं, बॅकअप घेता का, नोकर सोडून गेला की लॉगिन बंद करता का. माझ्याकडेही असा फॉर्म आला, चार पानी. बरेच जण सीएला सांगून सगळीकडे "होय" लिहून पाठवतात. हे करू नका. उद्या तुमच्या लॉगिनवरून चोर आत गेला, तर तो फॉर्म तुमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून समोर येईल. जे नाही ते "नाही, तीन महिन्यांत करू" असं लिहा. मी तसंच लिहिलं, ऑर्डर मिळाली, आणि तीन महिन्यांत करावंच लागलं.

आणि कायदाही येतोय. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मेपासून लागू होतील. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. एवढा दंड किराणा दुकानाला कुणी लावणार नाही, घाबरू नका. पण माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं, हे त्यात आहे. सांगलीच्या ताईंनी जे केलं तेच.

ऑनलाइन पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करा, मग बँकेला. रात्र असली तरी करा, सकाळची वाट बघू नका, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरायच्या आत अडवता आला तरच परत मिळतो. हा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून भागत नाही, कारण अशा वेळी बहुधा मोबाइलच हातातून गेलेला असतो. गल्ल्याच्या आतल्या बाजूला स्केचपेनने लिहून चिकटवा, म्हणजे तुम्ही माल आणायला गेलेला असलात तरी काउंटरवरच्या मुलाला दिसेल.